मास्तरीणबाईंची दुसरी किल्ली

कुलपांच्या धंद्यात भोळा माणूस टिकत नाही. माझ्या दुकानात येणारा प्रत्येक जण तेच सांगतो, "घर माझंच आहे हो, किल्ली हरवलीय." बहुतेक जण खरं बोलत असतात. खोटं बोलणारा त्यातला कोण ते ओळखणं हे माझं खरं काम, कुलूप उघडणं त्याच्या नंतरचं. म्हणून मी एक नियम करून ठेवलाय. घरमालक समोर उभा असल्याशिवाय दुसरी किल्ली बनवायची नाही, आणि शेजारच्या कोणीतरी ओळख पटवल्याशिवाय बंद दाराला हात लावायचा नाही. बायको म्हणते, "तुम्ही आरशासमोर उभे राहिलात तर स्वतःलाही ओळखपत्र मागाल." म्हणू दे. तिच्या बापाने तिला माझ्या हवाली केली तीसुद्धा माझी चौकशी करूनच.

दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. मी, माझं टेबल आणि भिंतभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, एवढं मावलं की चौथ्याने बाहेरच उभं राहायचं. बाहेर उभं राहणाऱ्यांत रोजचा माणूस म्हणजे समोरचा किराणावाला. गिऱ्हाईक नसलं की तो येतो आणि आम्ही गल्लीची खबरबात घेतो. मी बोलका आहे हे खरं. दिवसभर हाताने कानस चालवायची तर तोंडालाही काहीतरी उद्योग हवा. पण मी कोणाच्या चहाड्या करत नाही. कोणाचं दार उघडायला गेलो होतो, आत कसला पसारा होता, नवराबायको बोलत होते की नाही, एवढंच सांगतो, आणि तेही कोणी विचारलं तर. बायको ह्यावर म्हणते की माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीवर काहीतरी असतंच.

तर अशा माझ्या दुकानासमोर एक दिवस कॉलेजच्या प्राध्यापक बाई येऊन उभ्या राहिल्या. बरोबर एक सडपातळ पोरगी, पाठीला पिशवी, डोळे सगळीकडे.

"आमच्याकडे एक नवा विषय सुरू केलाय," बाई म्हणाल्या. "मुलांनी एक सहामाही वस्तीत यायचं आणि इथल्या माणसांबरोबर काम करत शिकायचं. कोणी दवाखान्यात रांगेतल्या लोकांना मदत करतंय, कोणी वाचनालयात बसतंय, एक मुलगा शिंप्याकडे जातोय. शेवटी वस्तीला उपयोगी पडेल असं काहीतरी करून द्यायचं. काय ते आम्ही नाही ठरवणार, वस्तीने सांगायचं."

"चांगलंय," मी म्हणालो. "पण हिला कुलपं कशाला उघडायचीत?"

उत्तर पोरीनेच दिलं. "कुलपांचं एवढं नाही काका. मला माणसं बघायचीत. घराबाहेर अडकलेली."

झालं, माझ्या मनात पाल चुकचुकली. अडकलेली माणसं कोणाला बघायची असतात? ज्याला रिकाम्या घरात शिरायचं असतं त्याला. मी नाहीच म्हणणार होतो, पण तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. तिने पोरीकडे बघितलं, पोरीने पटकन तिच्या हातातला डबा घेतला, आणि बायकोने माझ्या वतीने होकार देऊन टाकला. आमच्या घरातले सगळे मोठे निर्णय असेच होतात.

पोरगी दर आठवड्याला ठरलेल्या दुपारी यायला लागली. तिचं नाव होतं, पण मी तिला 'कॉलेज' म्हणायचो. "ए कॉलेज, तो पेचकस दे." ती द्यायची. कामाला चांगली होती, खोटं कशाला बोलू? गंजलेलं कुलूप रॉकेलमध्ये बुडवून कसं सोडवायचं ते एकदा दाखवलं की दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. गिऱ्हाईक रडकुंडीला आलेलं असलं तर आधी त्याला स्टूल द्यायची. मला ते कधी सुचलं नव्हतं. मी आधी पुरावा मागायचो.

पण तिचे प्रश्न! "काका, आत अडकणारे जास्त की बाहेर?" "काका, एकटं राहणारं माणूस अडकलं तर ओळख पटवायला कोणाला आणतं?" "ह्या गल्लीत एकटं कोण कोण राहतं?" हा शेवटचा प्रश्न ऐकून माझ्या हातातली कानस थांबली. बरं, कॉलेजची बाकीची पोरं वह्या घेऊन फिरायची. शिंप्याकडचा मुलगा तर काजं कशी करतात तेसुद्धा लिहून घ्यायचा. ही काही म्हणजे काही लिहायची नाही. सगळं डोक्यात ठेवायची. जे माणूस लिहीत नाही ते काहीतरी लपवतंय, असं मी किराणावाल्याला म्हणालो.

"पाणी मुरतंय कुठेतरी," किराणावाला म्हणाला. तो कशालाही असंच म्हणतो, पण त्या दिवशी मला ते पटलं.

आता मास्तरीणबाईंचं सांगायला हवं. माझं दुकान ज्या जिन्याखाली आहे त्याच जिन्याने वर गेलं की तिसऱ्या मजल्यावर त्या राहतात, एकट्या. शाळेत गणित शिकवायच्या. अर्ध्या गल्लीला त्यांनी शिकवलंय आणि मला नापास केलंय. आता ऐंशीच्या घरात आहेत, पण समोर आल्या की अजूनही मी हातातलं काम खाली ठेवतो. त्यांच्या दाराचं कुलूप मी स्वतः बसवलेलं. दार ओढलं की आपोआप लागतं, आणि त्याचे दाते असे तिरके आहेत की दुसऱ्या कोणी किल्ली बनवली तर ती आत जाऊन रुतून बसते. बाईंची बोटं सांध्यांत दुखतात, म्हणून किल्लीचं डोकं मी मुद्दाम रुंद करून दिलं होतं. तशी किल्ली ह्या गल्लीत दुसरी नाही.

त्यांच्या खिडकीची कडी दुरुस्तीला आली होती. माझे गुडघे कुरकुरत होते म्हणून मी ती कॉलेजच्या हाती वर पाठवली. म्हणजे बघा, ओळख मीच करून दिली. त्या दिवशी पोरगी वर गेली ती बराच वेळ खाली आलीच नाही. आली तेव्हा काही बोलली नाही, नुसती विचारात होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही काका. कडी बसली व्यवस्थित."

त्यानंतर ती माझ्याकडे यायच्या दिवशी सकाळीच आधी वर जायला लागली. एकदा मी पाणी भरायला वर चढलो तर दोघी जिन्याच्या पायरीवर बसलेल्या. मध्ये भाजीची पिशवी उलटी केलेली, बटाटे पायरीवर. मला बघितल्याबरोबर दोघी गप्प. बटाटे पिशवीत जायला लागले. बाई म्हणाल्या, "काय रे, काय बघतोस? भाजी बघितली नाहीस कधी?" मी खाली आलो, पण चैन पडेना. ऐंशीची एकटी बाई आणि कालपरवा आलेली पोरगी ह्यांच्यात असं काय गुपित असणार? मी किराणावाल्याला सांगितलं. त्याने त्याच्या दुकानाशेजारच्या शिवणवाल्या वहिनींना सांगितलं. त्यांनी तर छातीला हातच लावला, की अहो, हल्ली अशाच गोड बोलून घरात शिरतात, कागदांवर सह्या घेतात.

मी डोळ्यांत तेल घालून बसलो.

मग तो गुरुवार आला. दुपारी दुकानात फारसं कोणी नव्हतं. पोरगी टेबलाशी येऊन म्हणाली, "काका, मला एक किल्ली स्वतः घासून बघायचीय. सरावाला."

"घास की. कशावरून घासणार?"

तिने पिशवीतून एक किल्ली काढून टेबलावर ठेवली. किल्लीच्या डोक्यावरचा अंगठा मात्र काही उचलेना. "माझ्या खोलीची आहे. वसतिगृहातली."

मी तिचा अंगठा बाजूला केला. रुंद डोकं. माझ्या हातचं काम. बापाला पोर ओळखू येईल की नाही ठाऊक नाही, पण मला माझी किल्ली अंधारातही कळते. असा राग आला की कानशिलं तापली. माझ्याच दुकानात, माझ्याच टेबलावर, माझ्याच कानशीने ही मास्तरीणबाईंच्या दाराची चोरकिल्ली बनवणार होती. आणि वर तोंडावर खोटं.

"कोणाची ही?"

"सांगितलं ना काका..."

"कोणाची?"

तिचा चेहरा उतरला, पण डोळे खाली गेले नाहीत. मी किल्ली उचलली आणि रस्त्यावर येऊन किराणावाल्याला हाक मारली, तीही अशी की पलीकडच्या गल्लीतही ऐकू जावी. किराणावाला आला, शिवणवाल्या वहिनी मशीन सोडून आल्या, आणखीही कोण कोण आलं. सगळ्यांसमोर मी काय घडलं ते सांगितलं. थोडं रंगवूनच सांगितलं असेल.

"बोल ना आता," वहिनी पोरीला म्हणाल्या. "किल्ली तुझ्याकडे आली कुठून?"

"मी नाही सांगू शकत," पोरगी म्हणाली.

एवढंच म्हणाली. मग वर बाईंसमोरच काय तो निकाल लावू, असं मीच म्हणालो. पुढे मी, मागे पोरगी, तिच्या मागे गल्ली, अशी आमची वरात तीन मजले चढली. मला गुडघ्यांची आठवणसुद्धा झाली नाही. मी एका म्हाताऱ्या बाईचं घर वाचवत होतो. इतकं अभिमानाचं काम माझ्या हातून बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

मास्तरीणबाईंनी दार उघडलं. चष्मा कपाळावर होता. एवढी माणसं बघून त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"बाई, ही किल्ली तुमची ना?"

त्यांनी ती हातात घेतली, डोक्यावरून अंगठा फिरवला. "माझीच आहे."

"तुम्ही हिला दिलीत?"

त्यांनी किल्लीकडे बघितलं, मग पोरीकडे, मग परत किल्लीकडे. "नाही," त्या म्हणाल्या. "मी कशाला देईन हिला किल्ली?"

"बघा!" किराणावाला म्हणाला. "मी म्हणत होतो की नाही?"

पोरीच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. तिने तोंड उघडलं. मला वाटलं, आता थापा सुरू होणार, रडारड होणार. पण तिने तोंड मिटून घेतलं. ती बाईंकडे बघत होती. रागाने नाही, तक्रारीनेही नाही. एखादं पोर पायरी उतरताना अडखळतंय की काय म्हणून आपण बघतो ना, तशी बघत होती. मला तेव्हाच काहीतरी खटकायला हवं होतं. पण मी जिंकलो होतो, आणि जिंकलेल्या माणसाला काही खटकत नाही.

"चल खाली," मी म्हणालो. "तुझ्या प्राध्यापक बाईंना फोन लावतो. पोलिसांचं त्या आल्यावर बघू."

"लावा," पोरगी म्हणाली.

"थांब," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आज वार कोणता?"

"गुरुवार," मागून कोणीतरी म्हणालं.

"गुरुवारी ही सकाळी येते." त्या स्वतःशीच बोलत होत्या, फळ्यावर गणित मांडायच्या तशा, एकेक पायरी. "सकाळी आली असेल तर बसली असेल. बसली असेल तर मी चहा केला असेल." त्या वळल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. आम्हाला दारातून दिसत होतं. ओट्यावर धुतलेले कप पालथे घातलेले होते. त्यांनी एक उचलला, मग त्याच्या शेजारचा दुसरा उचलला, आणि दोन्ही हातांत दोन कप घेऊन त्या जराशा उभ्या राहिल्या.

बाहेर आल्या तेव्हा त्यांनी आधी खुर्ची ओढून घेतली. "दोन कप आहेत," त्या म्हणाल्या. "म्हणजे मीच दिली असणार."



"मी विसरते," बाई म्हणाल्या. "बरेच दिवस झाले. ह्या पोरीला माहीत आहे, आणि आता तुम्हा सगळ्यांना माहीत झालं. ही कडी घेऊन आली तेव्हा मी जिन्यावर बसलेली होते. दार ओढलं गेलं होतं आणि किल्ली सापडत नव्हती. पिशवीत बघायचं मला सुचलंच नाही. हिने बघितलं, बटाट्यांखाली होती. ह्याने आम्हाला पायरीवर बघितलं तेव्हाही तेच झालं होतं. पुढे असं झालं तर म्हणून दुसरी किल्ली बनवून हिच्याकडे ठेवायचं मी ठरवलं. वसतिगृह मागच्याच रस्त्यावर आहे, फोन केला की ही येते. कोणाला बोलायचं नाही अशी शपथ घातली होती मी तिला."

"पण मग मला सांगायचं ना बाई," मी म्हणालो. "मी दिली असती बनवून."

"तुला?" त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "तुला सांगायचं म्हणजे ह्या सगळ्यांना सांगायचं. एवढंच एक टाळत होते मी."

शिवणवाल्या वहिनी आधी खाली उतरल्या. बाकीचे त्यांच्या मागून. पोरीने बाईंना पाणी आणून दिलं आणि मी अजून दारात उभा होतो, म्हणून दार माझ्या तोंडावर हळूच लोटलं.

त्या दिवसापासून पोरगी दुकानात आली नाही. प्राध्यापक बाईही काही बोलायला आल्या नाहीत, म्हणजे पोरीने त्यांनाही सांगितलं नसावं. मला रात्रीचं जेवण जाईना. शेवटी बायको म्हणाली, "ताटाशी बसून मान कसली खाली घालताय? जाऊन माफी मागा." वाचनालयात ही कॉलेजची मुलं आठवड्याला एकत्र बसतात, कोणाला कामात काय कळलं, कुठे चुकलं ते एकमेकांना सांगतात. मी तिथे गेलो. शिंप्याकडचा मुलगा त्याच्या बोटाला टोचलेल्या सुईबद्दल बोलत होता. बोलणं संपेपर्यंत मी मागे उभा राहिलो, आणि मग पोरीला बाहेर बोलावलं.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "पण एक सांग. तू तिथे सरळ सांगितलं असतंस तर सुटली असतीस. एवढे लोक तुला चोर म्हणत होते. का नाही बोललीस?"

"माझं नव्हतं ना ते काका," ती म्हणाली. "लोकांच्या घरात आपल्याला जे कळतं ते त्यांचंच असतं, असं मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलंय. आणि आजींना स्वतःला आठवत नव्हतं. मी सांगितलं असतं तर सगळ्यांसमोर त्या खोट्या पडल्या असत्या."

मी तिच्या तिप्पट वयाचा. "ये परत गुरुवारी," एवढंच म्हणालो. ती आली, पण पहिल्यासारखे प्रश्न विचारायची नाही. कुलपं साफ करायची आणि जायची.

तोवर गल्ली मास्तरीणबाईंकडे अगदी माझ्यासारख्या संशयी नजरेने बघायला लागली होती. त्या किराणावाल्याकडे आल्या की तो सामान त्यांना दोनदा दाखवायचा, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसा मोठ्याने बोलायचा. खालच्या मजल्यावरचे जिन्यात थांबून गॅसचा वास येतो का ते हुंगायचे. बाई जिना उतरताना कोणी ना कोणी विचारायचंच, "बाई, कुठे निघालात? आठवतंय ना?" एकदा त्यांनी सुनावलं, "तुझ्या बापाचे सहामाहीचे गुणसुद्धा आठवतायत, सांगू का?" विचारणारा हसला. पण हसला तो कीव आल्यासारखा, आणि बाईंना ते कळलं. त्या परत वर गेल्या. नंतर त्यांचं खाली येणंच कमी झालं.

किराणावाल्याकडे बाईंच्या भाच्याचा नंबर होता. त्याने तो फिरवला. काळजीपोटी फिरवला म्हणे.

भाचा रविवारी सकाळी आला आणि सरळ माझ्या दुकानात. माणूस वाईट नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो, सणवार नसला तरी मावशीला फोन करतो, झोप न झाल्यासारखे डोळे झाले होते. "मावशीच्या दाराला बाहेरून कडी आणि कुलूप बसवायचंय," तो म्हणाला. "सकाळ-संध्याकाळ एक बाई ठेवतोय, ती उघडेल. मधल्या वेळात ही बाहेर पडली आणि हरवली तर मी काय करू? वृद्धाश्रमात नाव घातलंय, जागा मिळेपर्यंत एवढं तरी करायला हवं."

बाहेरून कुलूप. आयुष्यभर मी कुलपं बसवली ती बाहेरच्यांना बाहेर ठेवायला. ह्या बाईंना आत कोंडायची वेळ माझ्यामुळे आली होती, आणि छिद्रंही मीच पाडायची होती. मी ड्रिल उचललं, पिशवी घेतली. पोरगी दुकानातच होती, भाचा येणार म्हणून मास्तरीणबाईंनी आदल्या दिवशी तिला फोन करून ये म्हटलं होतं. ती मुकाट्याने मागून आली.

वर गेल्यावर भाच्याने दारावर बोट ठेवून जागा दाखवली. मी ड्रिल खाली ठेवलं.

"घर कोणाच्या नावावर आहे?" मी विचारलं.

"म्हणजे? मावशीच्या."

"मग त्यांना विचारतो. मालक सांगेल तेच मी बसवतो." आणि मी बाईंकडे वळलो. "बाई, बाहेरून कुलूप बसवू?"

"बाहेरून कुलूप लावायला मी माणूस आहे की गोदाम?" बाई म्हणाल्या.

"मावशी, अगं, गॅस चालू राहिला तर?" भाच्याचे डोळे भरून आले होते. "तुला काही झालं तर मी स्वतःला काय सांगू?"

"बस इथे," बाई म्हणाल्या. तो बसला. "आपोआप बंद होणारी शेगडी मिळते, ही पोरगी सांगत होती. ती आण. डॉक्टरकडे ने, मी येते. तुझी ती बाई सकाळ-संध्याकाळ येऊ दे, मी तिच्याशी भांडणार नाही, निदान पहिल्या आठवड्यात तरी नाही. पण दार मी आतून लावणार. ज्या दिवशी मला आतली कडी कशासाठी असते तेच आठवणार नाही, त्या दिवशी मला जिथे न्यायचं तिथे ने. तोपर्यंत नाही."

भाच्याने डोळे पुसले. मग त्याने मला हाताने खूण केली, की राहू दे.

"तू काय उभा?" बाई मला म्हणाल्या. "किल्ल्या बनव. माझ्यासमोर. एक ह्याला, एक हिला."

मी बाईंच्या टेबलाच्या कडेला पकड लावली, कोरी किल्ली अडकवली. पहिली मी घासली. दुसरीसाठी कानस पोरीच्या हातात दिली. तिरका दाता कसा धरायचा ते सांगितलं, तिने घासला, मी डोळ्यापाशी धरून बघितला. कुलपात घालून फिरवली तर एकदम सहज फिरली. बाई खुर्चीत बसून आमच्याकडे बघत होत्या, आम्ही गणित बरोबर सोडवतोय की नाही ते तपासल्यासारख्या.

"बाई," मी म्हणालो, "अजून एक बनवतो. खाली माझ्याकडे राहील. मी दिवसभर जिन्याखालीच असतो. पोरीला कॉलेज असतं, हे लांब राहतात. तुम्ही हाक मारलीत की मी वर."

मनापासून म्हणालो होतो. आणि शहाणपणाचंही होतं, भाचासुद्धा मान हलवायला लागला.

"नको," बाई म्हणाल्या. "तुला नको."

"बाई, मी कधी कोणाच्या घरातली काडीसुद्धा..."

"चोर नाहीस रे तू. तू दार उघडशील, मला हात धरून आत आणशील, चहासुद्धा करून देशील. आणि मग खाली जाऊन सांगशील."

पोरगी खाली वाकून लोखंडाचा भुगा गोळा करत होती. तिने वर बघितलं नाही, ह्याबद्दल मी तिचा आजही आभारी आहे. मला फार लागलं. कोणावरही विश्वास न ठेवणं हा माझा धंदा, पण माझ्यावर कोणी ठेवणार नाही असं माझ्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. आणि बाई चुकत नव्हत्या. मी हत्यारं पिशवीत भरली. कोऱ्या किल्लीला हात लावला नाही.

खाली उतरलो तर किराणावाला दुकान सोडून जिन्याच्या तोंडाशी उभा. शिवणवाल्या वहिनीही खिडकीत, मशीन बंद.

"काय ठरलं?" किराणावाल्याने विचारलं. "नेतोय का भाचा? बाई ओळखतात तरी का त्याला?"

माझ्याकडे सगळं होतं. वृद्धाश्रम होता, शेगडी होती, डॉक्टर होता, भाच्याचे भरून आलेले डोळे होते. गल्लीला आठवडाभर पुरलं असतं. सगळं अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं.

"काय माहीत," मी म्हणालो.

"काय माहीत म्हणजे? एवढा वेळ वर होतास की!"

"किल्ली घासत होतो. त्या आवाजात काही ऐकू येत नाही."

मी टेबलावर पिशवी ठेवली, एक गंजलेलं कुलूप पुढ्यात ओढलं आणि घासायला लागलो. किराणावाला बाहेरच उभा होता. तो बराच वेळ माझ्याकडे संशयाने बघत राहिला.